थांबायला शिकलेला पंखा

१८८८ च्या ऑगस्ट महिन्यात जर्मनीतल्या मानहाइमहून एक बाई आपल्या दोन मुलांना घेऊन माहेरी निघाली. माहेर फोर्त्सहाइमला, शंभर किलोमीटरहून थोडे पुढे. बाईंचे नाव बर्था बेन्झ आणि वाहन म्हणजे त्यांचे पती कार्ल बेन्झ यांनी बनवलेली तीन चाकांची मोटार. वाटेत इंधन संपले तेव्हा वीस्लोख गावच्या औषधाच्या दुकानातून त्यांनी लिग्रोइन विकत घेतले. मोटारीच्या इतिहासात हा प्रवास पहिल्याच पानावर येतो आणि त्यातली ही औषधाच्या दुकानाची गोष्ट सगळे सांगतात. पाण्याची गोष्ट मात्र मागे राहते. त्या गाडीला रेडिएटर नव्हता आणि पंखाही नव्हता. सिलिंडरभोवतीच्या पोकळीत पाणी असे. ते तापून उकळे, त्याची वाफ होऊन उडे आणि जाताना इंजिनाची उष्णता घेऊन जाई. त्यामुळे वाटेतल्या खाणावळी, विहिरी, ओढे, जिथे पाणी दिसेल तिथे थांबून ते भरत जावे लागले.

तापणे हा पेट्रोल इंजिनाचा जन्मजात दोष आहे. जळलेल्या इंधनाच्या उष्णतेपैकी थोडाच भाग चाकांपर्यंत पोचतो. साधारण एक तृतीयांश भाग इंजिनाच्या भिंतींत शिरतो आणि तो सतत बाहेर काढावा लागतो. काढला नाही तर तेल पातळ होते, पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये अडकतो, हेड वाकते. जास्त काढला तरीही नुकसानच. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, तेल घट्ट राहते, जळण अर्धवट होते आणि सिलिंडर लवकर झिजतात. म्हणजे इंजिन नुसते थंड करून भागत नाही, त्याला ठरावीक तापमानात धरून ठेवावे लागते. या कामाचा पहिला अर्धा भाग, उष्णता काढण्याचा, अभियंत्यांनी १९०१ पर्यंत बराचसा सोडवला होता. दुसरा भाग, म्हणजे केव्हा काढायची आणि केव्हा थांबायचे, हा सुटायला आणखी साठ वर्षे लागली. तो सोडवला अंगठ्याएवढ्या एका पितळी स्विचने. गॅरेजमध्ये त्याला कोणी थर्मो स्विच म्हणते, कोणी फॅन स्विच.

मायबाखचा रेडिएटर

बेन्झच्या गाडीनंतरच्या दहा-बारा वर्षांत इंजिनांची ताकद वाढत गेली आणि पाणी उकळून उडवण्याची पद्धत अपुरी पडू लागली. तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरायचे, तर ते गाडीतच थंड करायला हवे होते. कानस्टाटच्या डाइमलर कारखान्यातले मुख्य अभियंता विल्हेल्म मायबाख याच प्रश्नामागे होते. त्यांना घाई करायला लावली एमिल येलिनेक या नीस शहरात राहणाऱ्या श्रीमंत व्यापाऱ्याने. शर्यतीत जिंकेल अशी हलकी, बसकी आणि जोरकस गाडी त्याला हवी होती आणि तिला आपल्या मुलीचे, मर्सिडीजचे, नाव द्यायचे होते. डिसेंबर १९०० मध्ये गाडी त्याच्या हाती आली आणि मार्च १९०१ मध्ये नीसच्या शर्यतींत तिने बाकीच्यांना मागे टाकले.

त्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजच्या तोंडाशी मायबाखने मधाच्या पोळ्यासारखी जाळी बसवली होती. तिच्यात सहा मिलिमीटर बाजूच्या ८,०७० चौकोनी नळ्या होत्या. नळ्यांमधून हवा जाई आणि त्यांच्या भोवतीच्या फटींतून पाणी वाहे. हवेला लागणारे धातूचे क्षेत्रफळ इतके वाढले की आधी १८ लिटर पाणी लागे, तिथे ९ लिटर पुरू लागले. गाडी धावत असताना समोरून येणारा वारा जाळीतून आपसूक शिरे. हळू चालताना मात्र वारा नसे, म्हणून मायबाखने जाळीच्या मागे एक छोटा पंखा बसवला. तो इंजिनाच्या जोरावर फिरे आणि हवा आत ओढून घेई.

पुढच्या साठ वर्षांतल्या बहुतेक मोटारींचा नकाशा इथेच ठरला. पुढे रेडिएटर, त्याच्यामागे पंखा, पंख्यामागे इंजिन आणि दोघांना जोडणारा पट्टा. १९०८ मध्ये आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीतही हीच मांडणी होती. तिचे पाणी तर पहिल्या काही हजार गाड्यांनंतर पंपाशिवाय, केवळ गरम पाणी वर जाते आणि थंड खाली येते या नियमावर फिरू लागले. पंखा मात्र कायम राहिला.

पट्ट्याचा उलटा हिशेब

मायबाखचा पंखा सोपा आणि भरवशाचा होता. त्याची अडचण होती ती त्याच्या वेळेची. पट्ट्याने इंजिनाला बांधलेला पंखा इंजिनाच्या गतीने फिरतो. गाडी मोकळ्या रस्त्यावर सुसाट जाते तेव्हा समोरचा वाराच पुरेसा असतो आणि पंख्याची गरज नसते, पण नेमका तेव्हाच तो सर्वांत जोरात फिरतो. गर्दीत गाडी उभी असते तेव्हा वारा शून्य असतो, पंख्याची खरी गरज असते आणि तेव्हा इंजिन मंद चालत असल्याने पंखाही मंदावतो. गरज आणि पुरवठा यांचे गणित इथे बरोबर उलटे बसते.

हा उलटेपणा महाग पडे. पंख्याला लागणारी ताकद त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की ताकद आठपट लागते. हमरस्त्यावर इंजिनाची जी शक्ती चाकांना मिळायची, तिचा एक भाग नको असलेली हवा घुसळण्यात जाई. सोबत पेट्रोल जाई आणि पंख्याचा घोंगाट गाडीत ऐकू येई. थंडीच्या दिवसांत सकाळी इंजिन सुरू केले की ते तापायच्या आधीच पंखा त्याला थंड करू लागे.

थंडीच्या प्रश्नावर एक अर्धे उत्तर आधी सापडले. ते म्हणजे थर्मोस्टॅट, इंजिन आणि रेडिएटर यांच्या मध्ये बसलेली झडप. इंजिन थंड असेपर्यंत ती बंद राहते आणि पाणी इंजिनातच फिरते. तापमान वाढले की ती उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जाते. सुरुवातीच्या थर्मोस्टॅटमध्ये पातळ पत्र्याचा भाता असे आणि त्यात सहज उकळणारे द्रव भरलेले असे. १९३० च्या दशकात सर्जियस व्हर्ने या संशोधकाने त्याऐवजी मेणाची गोळी वापरली. मेण वितळताना जोराने फुगते आणि झडप ढकलते. आजच्या गाड्यांतही तीच पद्धत आहे. थर्मोस्टॅटमुळे पाणी केव्हा जायचे ते ठरू लागले. हवा केव्हा यायची हे अजून पट्ट्याच्याच हाती होते.

आपल्याकडे याची परीक्षा घाटात होई. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटच्या परवान्याने गाड्या बनत. पुढे पद्मिनी नावाने मुंबईची टॅक्सी झालेली फियाट ११०० त्यातलीच. तिचा पंखा पट्ट्यावर चाले. उन्हाळ्यात भरल्या गाडीने बोरघाट चढताना वेग मंद, इंजिनावर भार पूर्ण आणि मागून वारा, अशी गाठ पडली की काटा लाल पट्ट्यात जाई. बॉनेट उघडून, रेडिएटरच्या झाकणावर ओले फडके धरून थांबलेली फियाट किंवा अ‍ॅम्बेसेडर हे खंडाळ्याचे आणि कसाऱ्याचे रोजचे दृश्य होते. गाडीत पाण्याचा डबा ठेवणे हा मुंबई-पुणे किंवा मुंबई-नाशिक प्रवासाचा भागच होता. त्यात पट्टा तुटला तर पंख्याबरोबर पाण्याचा पंपही बंद पडे.

घड्याळापासून बाँबफेकी विमानापर्यंत

पंख्याला वेळ शिकवायची, तर तापमान ओळखून विजेचे बटण दाबणारे काहीतरी हवे होते. ते मोटारीबाहेरच्या जगात हळूहळू तयार होत होते.

सुरुवात घड्याळाने झाली. जहाजावर रेखांश काढण्यासाठी अचूक घड्याळ बनवण्याच्या मागे लागलेल्या जॉन हॅरिसन या इंग्रज सुताराने आपले तिसरे सागरी घड्याळ जवळजवळ दोन दशके खपून १७५९ च्या सुमारास पुरे केले. उष्णतेने घड्याळाची गती बदलू नये म्हणून त्याने त्यात पितळ आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकमेकींना जोडून बसवल्या. पितळ पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावते, त्यामुळे तापल्यावर जोडपट्टी एका बाजूला वाकते. हीच द्विधातू पट्टी. १८९६ मध्ये पॅरिसजवळच्या सेव्हर इथल्या आंतरराष्ट्रीय वजन-माप संस्थेत शार्ल एदुआर गिलोम यांनी लोखंडात सुमारे ३६ टक्के निकेल मिसळून असा मिश्रधातू शोधला, जो तापला तरी जवळजवळ प्रसरणच पावत नाही. त्याला इन्व्हार नाव पडले आणि त्यासाठी गिलोम यांना १९२० चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. इन्व्हारला जास्त प्रसरणाऱ्या धातूची जोड दिली की तेवढ्याच उष्णतेत पट्टी कितीतरी जास्त वाकते.

पण नुसती वाकणारी पट्टी विजेचे बटण म्हणून कामाची नाही. ती हळूहळू वाकते, त्यामुळे विजेची दोन टोके हळूहळू जवळ येतात. जवळ येताना त्यांच्यात ठिणगी पेटत राहते, टोके जळतात, खडबडीत होतात आणि काही दिवसांत एकमेकांना चिकटतात. हवी होती झटक्याने होणारी हालचाल.

ती सुचली अमेरिकेतल्या मेन राज्यात. जॉन स्पेन्सर हा मुलगा तिथल्या लाकडाच्या कारखान्यात रात्री बॉयलरची भट्टी सांभाळत असे. भट्टीचे बाकदार लोखंडी दार तापले की मोठा आवाज करून उलट्या बाजूला फुगे आणि निवाले की पुन्हा आवाज करून पूर्ववत होई. दुसरा आवाज म्हणजे लाकूड घालायची वेळ झाली, हे त्याने ओळखले होते, असे सांगितले जाते. मोठेपणी त्याने तीच करामत द्विधातूच्या छोट्या, किंचित खोलगट चकतीत आणली. स्टीलच्या डब्याचे फुगलेले झाकण मधोमध दाबले की टक् करून आत जाते, तशीच ही चकती ठरावीक तापमानाला एका क्षणात उलटते. तिच्यासाठी पैसा आणि तांत्रिक सल्ला देणाऱ्यांत लॉरेन्स मार्शल आणि व्हॅनिवार बुश होते. या दोघांनी पुढे १९२२ मध्ये आणखी एका सहकाऱ्याबरोबर जी कंपनी काढली ती रेथिऑन नावाने ओळखली गेली आणि बुश दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विज्ञान-संशोधनाचे प्रमुख झाले. स्पेन्सरची चकती १९२० च्या दशकातच विजेच्या इस्त्रीत पोचली आणि इस्त्री आपोआप बंद-चालू होऊ लागली.

ब्रिटनमध्ये हीच गरज युद्धाने निर्माण केली. उंचावरून उडणाऱ्या बाँबफेकी विमानांत कडाक्याची थंडी असे. एरिक टेलर हे वैमानिकांसाठी विजेने तापणारे उड्डाणपोशाख बनवण्याच्या कामात होते. पोशाख अंगाला भाजू नये म्हणून त्यात तापमान पाहून वीज तोडणारा स्विच लागे आणि विमानाच्या थरथराटातही तो भरवशाने चालायला हवा होता. टेलर यांनी झटक्याने उलटणारी स्वतःची द्विधातू पट्टी बनवली. युद्धानंतर त्यांनी ऑटर कंट्रोल्स ही कंपनी काढली. त्यांचे चिरंजीव जॉन टेलर यांनी हेच तंत्र विजेच्या किटलीत नेले. पाणी उकळताच किटली आपोआप बंद होते ते त्यामुळे. त्याच जॉन टेलर यांनी २००८ मध्ये केंब्रिजच्या कॉर्पस क्रिस्टी कॉलेजला एक भव्य घड्याळ दिले, ते हॅरिसनला मानवंदना म्हणून.

१९६० चे दशक

१९६० पर्यंत सर्व सुटे भाग तयार होते. कमी होती ती त्यांना गाडीत एकत्र आणण्याच्या कारणाची. पहिले कारण वाया जाणाऱ्या शक्तीचे होते. १९६० मध्ये आलेल्या प्यूजो ४०४ मध्ये पंखा पट्ट्यावरच होता, पण मध्ये विद्युतचुंबकाचा क्लच होता. पाणी तापले की तापमानाचा स्विच चुंबकाला वीज देई आणि पंखा इंजिनाशी जोडला जाई. पाणी निवले की तो सुटा होई. अमेरिकेत वेगळा मार्ग लोकप्रिय झाला. तिथे पंख्याच्या मध्यभागी दाट सिलिकोन तेलाचा क्लच बसवत आणि रेडिएटरमागची गरम हवा लागली की द्विधातूची सर्पिल स्प्रिंग तेलाची वाट उघडे. दोन्ही उपायांत पंखा थांबायला शिकला. इंजिनाशी त्याची गाठ मात्र सुटली नाही.

ती सोडवली एका देखण्या स्पोर्ट्स गाडीने. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात जॅग्वारने ई-टाइप सादर केली. तिचे बॉनेट लांबलचक आणि बसके होते, हवेसाठी पुढे लहानसे अंडाकार तोंड होते आणि रेडिएटर इंजिनापासून बराच पुढे होता. अशा जागी इंजिनाचा पट्टा नेणे अवघड होते. म्हणून रेडिएटरमागे विजेच्या मोटरवर चालणारा पंखा बसवला. त्याला चालू-बंद करणारा स्विच पाण्याच्या वरच्या टाकीत होता आणि तो ऑटर कंपनीचा होता. वैमानिकांच्या पोशाखासाठी जन्मलेले तंत्र असे मोटारीच्या पंख्यापर्यंत आले. सुरुवातीच्या ई-टाइप गर्दीत तापतात अशी तक्रार होत राहिली आणि १९६८ च्या दुसऱ्या आवृत्तीत एकाऐवजी दोन पंखे आले. तत्त्व मात्र सिद्ध झाले होते. पंखा आता इंजिनाच्या गतीपासून स्वतंत्र होता आणि गाडी उभी असतानाही पूर्ण जोराने फिरू शकत होता.

ई-टाइप श्रीमंतांची गाडी होती. विजेचा पंखा सामान्यांच्या दारात आणला तो आडव्या इंजिनाने. १९५९ मध्ये अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी मिनी गाडीत इंजिन आडवे ठेवून पुढची चाके फिरवली आणि छोट्या गाडीत चार माणसांना जागा करून दिली. इंजिन आडवे झाल्याने त्याच्या दांड्याचे टोक बाजूला गेले. पंखा तिथेच लावायचा, तर रेडिएटरही बाजूला न्यावा लागला. पंखा गरम हवा चाकाच्या खोबणीत ढकलत असे. समोरच्या जाळीमागे आता रेडिएटर नव्हता, तिथे इंजिनाचा ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर होता, आणि जोराच्या पावसात तो भिजून गाडी बंद पडे.

ट्युरिनच्या फियाट कंपनीत दान्ते जाकोझा या अभियंत्याने या कोड्याचा शेवट केला. इंजिन आडवे आणि गिअरबॉक्स त्याच्या रेषेत बाजूला, अशी मांडणी त्यांनी आधी १९६४ च्या आउटोबियांकी प्रिमुला या गाडीत अजमावली आणि १९६९ च्या फियाट १२८ मध्ये पक्की केली. या मांडणीत रेडिएटर पुन्हा समोर, ताज्या वाऱ्यात आला. पट्टा तिथवर काटकोनात वळवणे सोयीचे नव्हते. शिवाय आडवे इंजिन रबरी आधारांवर पुढे-मागे डोलते, म्हणून पंखा त्याला बांधणेच गैरसोयीचे. जाकोझांनी पंखा रेडिएटरलाच जोडला, त्याला विजेची मोटर दिली आणि तिची सूत्रे तापमानाच्या स्विचकडे सोपवली. १२८ ला १९७० चा युरोपातला सर्वोत्तम गाडीचा पुरस्कार मिळाला. तिची मांडणी पुढे जगभरच्या छोट्या गाड्यांनी उचलली.

१९७३ च्या अखेरीस अरब देशांनी तेलपुरवठा आवळला, पेट्रोलचे भाव भडकले आणि छोट्या, कमी पिणाऱ्या गाड्यांची मागणी वाढली. १९७४ मध्ये फोक्सवागेनने गोल्फ आणली. हवेने थंड होणाऱ्या, पट्ट्याच्या पंख्याच्या बीटलची ती वारस होती. गोल्फचे इंजिन आडवे, पाण्याने थंड होणारे आणि पंखा विजेचा होता. स्विच रेडिएटरच्या अंगातच बसवलेला होता. दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या जनरल मोटर्सनेही आडव्या इंजिनाच्या गाड्या आणल्या. वीस वर्षांत अपवादाचा नियम झाला.

पितळी बुचाच्या आत

हा स्विच बाहेरून पाहिला तर एक षटकोनी पितळी बुच दिसतो. खाली आटे, वर दोन पिना. पितळ का, तर ते उष्णता झटकन वाहून नेते आणि गंजत नाही. आटे रेडिएटरच्या भोकात घट्ट बसतात, मध्ये वॉशर असते आणि बुचाचे टोक गरम पाण्यात बुडालेले राहते. टोकाच्या आत ती खोलगट द्विधातू चकती असते आणि तिच्यावर एक बारीक दांडी टेकलेली असते. पाणी ठरलेल्या तापमानाला पोचले की चकती उलटते, दांडी वर ढकलली जाते, विजेची दोन टोके जुळतात आणि पंखा सुरू होतो.

अनेक स्विचांवर ९५-९० किंवा ९२-८७ असे आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा पंखा सुरू होण्याचा, दुसरा बंद होण्याचा, दोन्ही सेल्सियस अंशांत. या दोहोंतले अंतर मुद्दाम ठेवलेले असते. सुरू आणि बंद एकाच अंशाला झाले असते तर पंखा सतत चालू-बंद होत राहिला असता आणि मोटर, स्विच दोन्ही लवकर गेले असते. चकतीचा स्वभावच असा की उलटायला जेवढी उष्णता लागते, त्याहून बरीच कमी झाल्याशिवाय ती परतत नाही. स्पेन्सरच्या भट्टीचे दारही असेच वागत होते.

हे आकडे ठरवण्यामागे साधा हिशेब आहे. थर्मोस्टॅट ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो. दाबाचे झाकण आणि कूलंट यांमुळे पाणी शंभर अंशांना उकळत नाही, बरेच पुढे जाते. स्विचची जागा या दोहोंच्या मध्ये. अनेक गाड्यांत तो रेडिएटरच्या खालच्या किंवा परतीच्या बाजूला असतो, म्हणजे थंड होऊन इंजिनाकडे निघालेल्या पाण्यात. तिथले पाणीही गरम असेल तर वारा अपुरा पडला हे नक्की, आणि मगच पंखा लागतो. धावत्या गाडीत तो म्हणूनच बहुतेक वेळ थांबलेला असतो.

सुरुवातीच्या अनेक गाड्यांत पंख्याची सगळी वीज स्विचमधूनच जाई. नंतर मध्ये रिले आला. स्विच रिलेला इशारा देतो आणि जड प्रवाह रिले सोसतो. काही गाड्यांत तीन पिनांचा स्विच असतो, त्यात दोन तापमानांसाठी दोन चकत्या आणि पंख्याचे दोन वेग. काही जपानी गाड्यांत मांडणी उलटी असते. गार असताना स्विच जोडलेला राहतो आणि तापल्यावर तुटतो. वायर निघाली किंवा तुटली तर पंखा बंद पडत नाही, सतत फिरत राहतो. बिघाडाची दिशा सुरक्षित बाजूला वळवणारा हा विचार फार शहाणपणाचा.

स्विचची मोठी मर्यादाही इथेच आहे. तो फक्त ज्यात बुडाला आहे त्याचे तापमान सांगतो. गळतीने पाणी कमी झाले आणि बुचाच्या टोकाशी हवा राहिली, तर इंजिन उकळत असतानाही चकती गप्प राहू शकते. पंखा फिरत नाही म्हणून नवा स्विच बसवला आणि खरा दोष रिकाम्या रेडिएटरचा निघाला, हे गॅरेजमध्ये नवीन नाही.

मारुती आणि त्यानंतर

भारतात या बदलाची तारीख जवळजवळ बोट ठेवून दाखवता येते. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली गेली. सुझुकीच्या या गाडीत ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन आडवे होते, पुढची चाके फिरत होती आणि रेडिएटरवर विजेचा पंखा होता. ज्यांनी फियाट आणि अ‍ॅम्बेसेडर चालवल्या होत्या, त्यांना सिग्नलला उभ्या गाडीत अचानक पंखा घुं करून सुरू झालेला ऐकून आधी शंका येई. १९९८ मध्ये पुण्याच्या टाटा कारखान्यातून आलेली इंडिकाही आडव्या इंजिनाची होती. तोवर पट्ट्याचा पंखा जीप, ट्रक आणि लांबट इंजिनाच्या मोठ्या गाड्यांपुरता उरला होता. पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची उतरली. तिच्याबरोबर शहरातल्या प्रवासी गाड्यांतला पट्ट्याचा पंखाही जवळजवळ संपला.

त्याआधीच स्विचचीही सद्दी ओसरू लागली होती. प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि कार्ब्युरेटरची जागा संगणकाने चालणाऱ्या इंधनफवाऱ्याने घेतली. त्या संगणकाला इंजिनाचे तापमान क्षणोक्षणी हवे असते. त्यासाठी तापल्यावर विद्युतरोध कमी होणारा सेन्सर बसू लागला. त्याच्या आकड्यावरूनच संगणक पंखा सुरू करतो, एसी लावला की तो आधीच फिरवतो आणि नव्या गाड्यांत त्याचा वेगही थोडाथोडा कमी-जास्त करतो. ‘चालू’ आणि ‘बंद’ एवढेच बोलणाऱ्या चकतीची जागा सतत आकडे सांगणाऱ्या सेन्सरने घेतली. विजेवर चालणाऱ्या गाड्यांत पेट्रोल इंजिन नाही, पण बॅटरी आणि मोटर तापतातच, आणि त्यांच्याही पुढे रेडिएटर आणि गरजेपुरता फिरणारा पंखा असतो.

या सगळ्याचा ताळेबंद मांडला तर विजेच्या पंख्याने पेट्रोल वाचवले, आवाज कमी केला, इंजिन लवकर तापवले. पण त्याचा मोठा परिणाम गाडीच्या आकारावर झाला. पंखा इंजिनापासून सुटला म्हणून आडवे इंजिन सुटसुटीत बसले, आणि आडवे इंजिन बसले म्हणून मध्यमवर्गाला परवडणारी, चार माणसे आणि त्यांचे सामान घेणारी छोटी गाडी शक्य झाली. जाकोझांचे नाव त्यासाठी घेतले जाते ते योग्यच आहे. स्पेन्सर आणि टेलर यांची नावेही त्याच ओळीत घ्यायला हवीत, कारण त्यांच्या चकतीशिवाय रेडिएटरवरचा पंखा केव्हा फिरायचे हे जाणणार कसा?

आजही स्विचच्या जुन्या गाडीत बिघाड झाला की ‘फॅन डायरेक्ट करून देतो’ असे कोणी मिस्त्री सहज म्हणतो. कोणी थर्मोस्टॅटही काढून टाकतो. गाडी गरम होणार नाही हे खरे, पण इंजिन योग्य तापमानाला यायला उशीर लागेल, पेट्रोल जास्त जाईल, झीज वाढेल आणि पंख्याची मोटर अकाली जळेल. म्हणजे गाडी पुन्हा १९०१ च्या पंख्याकडे जाईल. स्विच स्वस्त मिळतो. जुन्यावर कोरलेले आकडे वाचा, त्याच आकड्यांचा नवा आणा, आणि तो बसवण्याआधी रेडिएटरमध्ये पाणी पुरे आहे की नाही ते पाहा. शिवाय बॉनेट उघडल्यावर पंख्याच्या पात्यांपासून हात दूर ठेवा. अनेक गाड्यांत किल्ली काढल्यावरही तो आपली वेळ झाली की सुरू होतो.